साहेबाचे दप्तर आणि आपले ज्ञान

परकीय सत्ता देशातून निघून जाते तेव्हा तिचे निशाण एका रात्रीत खाली येते. तिचे दप्तर मात्र जागचे हलत नाही. ते त्याच कपाटांत, त्याच रुमालांत बांधलेले राहते आणि नव्या धन्याच्या नावाने दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडले जाते. १९४७ साली आपल्याकडे हेच झाले. जमिनीची मोजणी, शिरगणतीचे रकाने, जिल्ह्याचे गॅझेटियर, टिपणी लिहिण्याची तऱ्हा, यांपैकी काहीही त्या ऑगस्टात बदलले नाही. १८६० ची दंडसंहिता तर १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अंमलात येईपर्यंत चालू होती. ज्यांचे आयुष्य सरकारी कचेरीत, त्यातही परप्रांतातल्या कचेरीत गेले, त्यांना हे सांगावयास नको. ज्या खुर्चीवर आपण बसतो ती कोणी घडवली, आणि तिच्यावर बसले की जग एका विशिष्ट कोनातूनच का दिसू लागते, हा प्रश्न त्यांच्यापैकी विचारी माणसाच्या मनात केव्हा ना केव्हा डोकावून गेलेला असतोच.

या प्रश्नाचा छडा लावू पाहणारी एक विद्याशाखाच गेल्या अर्धशतकात उभी राहिली आहे. १९७८ साली एडवर्ड सईद यांचा 'ओरिएंटॅलिझम' हा ग्रंथ निघाला आणि पाश्चात्त्यांनी पूर्वेविषयी जमविलेले ज्ञान हे सत्तेचेच एक अंग होते, हा विचार जगभर पसरला. १९८२ पासून रणजित गुहा यांच्या नेतृत्वाखाली 'सबाल्टर्न स्टडीज'चे खंड प्रसिद्ध होऊ लागले. या सगळ्या लेखनाला मराठीत वसाहतोत्तर अभ्यास म्हणतात. त्यातील पुष्कळसे लेखन इतके पारिभाषिक आहे की वाचकाला ग्रंथापेक्षा त्याची परिभाषाच अधिक छळते. परंतु एक ग्रंथ असा आहे की तो कचेरीची भाषा जाणतो, आणि म्हणून आमच्या वाचकांपुढे त्याचीच परीक्षा मांडावी असे आम्हांस वाटले. तो म्हणजे बर्नार्ड कोन यांचा 'कलोनिअलिझम अँड इट्स फॉर्म्स ऑफ नॉलेज' हा १९९६ सालचा निबंधसंग्रह.

कोन हे शिकागो विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ. पूर्व उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात राहून त्यांनी आपल्या अभ्यासाला आरंभ केला आणि पुढे ते जुन्या कागदपत्रांकडे वळले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: इंग्रजांनी हिंदुस्थान केवळ तोफांनी जिंकला नाही, तो त्यांनी आपल्याला समजेल अशा रूपात लिहून काढला आणि त्या लिहिण्यातून तो ताब्यात ठेवला. या लिहिण्याच्या पद्धती कोन यांनी वेगवेगळ्या दाखविल्या आहेत. इतिहासलेखन, प्रवासातले निरीक्षण, सर्वेक्षण, गणना, वस्तुसंग्रह आणि पाळत अशी ती यादी आहे. कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याने ती वाचली तर त्याला ती आपल्याच कचेरीतल्या शाखांची नावे वाटतील! या ग्रंथाचे पहिले यश हेच की ज्या गोष्टी आपण निर्जीव आणि निरुपद्रवी मानतो, म्हणजे नकाशा, तक्ता, व्याकरण, त्यांच्यामागे हेतू होते आणि ते हेतू त्यांच्या रचनेत मुरून राहिले आहेत, हे तो उदाहरणांनी पटवून देतो.

संग्रहातील भाषाविषयक निबंध आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. विल्यम जोन्सचे फारसी व्याकरण १७७१ चे, हॅल्हेडचे बंगाली व्याकरण १७७८ चे. त्यानंतर कोश आणि व्याकरणे यांची रांगच लागली. हुकूम द्यावयाचा तर भाषा आली पाहिजे, आणि भाषा आली की हुकूम देता येतो, असे हे दुहेरी नाते कोन उलगडतात. जहांगीराच्या दरबारी आलेल्या सर टॉमस रो याच्यापासूनचे इंग्रज खिलत आणि नजराणा यांकडे देवघेवीच्या, प्रसंगी लाचेच्याही दृष्टीने पाहत. दरबाराच्या दृष्टीने मात्र अंगावर घातलेले वस्त्र म्हणजे धन्याच्या सत्तेत सामावून घेणे होते. मराठी वाचकाला हे समजावून घेण्यास श्रम पडत नाहीत. साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशव्यांना 'वस्त्रे' मिळत, त्या वस्त्रांची किंमत कापडाच्या गजावर कोणी काढली नाही. परकीयाने आपला शब्द उचलला, त्याचे भाषांतर अचूक केले आणि तरी अर्थ बाहेरच राहिला, हे कोन यांनी दाखविलेले दृश्य आपल्याला आतून ओळखीचे आहे.

एवढे मोकळ्या मनाने मान्य केल्यावर आम्ही हा सिद्धान्त आपल्या घरच्या कसोटीवर घासून पाहू इच्छितो. ग्रंथाचा भर बंगाल, उत्तर हिंदुस्थान आणि मद्रास यांवर आहे. मराठी मुलुखात त्याचे काय होते?

कसोटीला सर्वांत योग्य वस्तू म्हणजे मोल्सवर्थचा कोश. मराठी भाषेचे एक आरंभीचे मुद्रित व्याकरण निघाले तेही महाराष्ट्राबाहेर, हुगळीकाठी श्रीरामपुरास, १८०५ साली. विल्यम कॅरे त्याचा कर्ता. फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण नोकरांना मराठी शिकवण्यासाठी ते होते. म्हणजे मराठीची ही आरंभीची छापील शिस्त मराठी माणसासाठी नव्हती, त्याच्यावर अंमल करणाऱ्यासाठी होती. पुढे १८३१ साली जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत निघाला, आणि १८५७ साली त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती आली. तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत. येथवर कोन यांचा सिद्धान्त शंभर टक्के लागू पडतो. कोश हे राज्यकर्त्याचे हत्यार, यात शंका नाही.

परंतु कोश उघडताच गोष्ट अवघड होते. १८३१ च्या कोशापूर्वी दोनच वर्षे, १८२९ साली, 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला होता, आणि तो मराठीचा मराठीत अर्थ सांगणारा होता. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांचे सहकारी शास्त्री यांनी तो सरकारी आश्रयाने रचला. हीच शास्त्रीमंडळी मोल्सवर्थच्या कामाचाही कणा होती. छापील मुखपृष्ठावर मोल्सवर्थचे आणि साहाय्यक म्हणून कँडी बंधूंचे नाव आहे; शास्त्र्यांचे नाही. आता या कोशाला परकीयांचे ज्ञान म्हणावे काय? शब्द वेचले शास्त्र्यांनी, म्हणी आठवल्या शास्त्र्यांनी, कोणता शब्द शिष्ट आणि कोणता ग्राम्य हा निवाडाही पुष्कळ अंशी त्यांचाच. त्या निवाड्यात पुणेरी पांढरपेशा कान बोलतो, आणि पुढे शंभर वर्षे शाळेत, छापखान्यात, कचेरीत प्रमाण मराठी म्हणून जी मिरवली तिची बैठक त्या कानाने घातली. हा दोष असेल तर तो एकट्या साहेबाच्या माथी मारता येणार नाही.

कोन यांच्या लेखनात पंडित आणि मुनशी नाहीत असे नव्हे. ते आहेत, पण साहेब ज्यांच्यावर अविश्वास दाखवतो असे किंवा साहेब ज्यांच्याकडून माहिती काढून घेतो असे. स्वतःचा डाव खेळणारा एतद्देशीय माणूस तेथे क्वचित भेटतो. जोन्स संस्कृत शिकला तो पंडितांच्या सांगण्यावर विसंबून राहायला नको म्हणून, हे कोन नीट सांगतात. परंतु पंडितांनी जोन्सला काय सांगायचे ठरविले होते, हा प्रश्न ते त्याच आस्थेने विचारीत नाहीत. योगायोग असा की त्याच १९९६ साली सी. ए. बेली यांचा 'एम्पायर अँड इन्फर्मेशन' हा ग्रंथ निघाला आणि त्याने ही बाजू पुढे आणली. इंग्रजांच्या आधीही येथे हरकारे होते, अखबार होते, वाकेनवीस होते. कंपनीने ती जाळी शून्यातून विणली नाही, ती हाती घेतली. मराठी वाचकाला तर यासाठी कोणत्याही ग्रंथाची गरज नाही. पेशव्यांचे दप्तर हे ज्ञान आणि सत्ता यांच्या नात्याचेच दप्तर होते. गावाचा जमाखर्च, वतनाचे तंटे, जातीच्या बहिष्काराचे निवाडे हे सर्व तेथे मोडीत लिहून ठेवलेले आहे. लिहून राज्य करण्याची विद्या आपल्याला इंग्रजाने शिकविली नाही.

इंग्रजाने त्या दप्तराचे काय केले, ही मात्र खरी वसाहतीची कथा आहे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि जुन्या कागदांचा उपयोग इनामदारांचे हक्क तपासण्यासाठी, पुष्कळदा ते काढून घेण्यासाठी झाला. कागद सरकारचा झाला आणि संशोधकाला त्याचे दार दीर्घकाळ बंद राहिले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 'सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दप्तर'चे ४५ खंड निघाले तेव्हा १९३० उजाडले होते. मधल्या काळात राजवाड्यांनी गावोगावचे वाडे आणि माळे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' १८९८ पासून खंडाखंडाने उभी केली. सरकारी दप्तराला त्यांनी दिलेले हे उत्तर होते. आणि त्याच्याही आधी, १८६७ च्या सुमारास, नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने ग्रँट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासावर मराठीत टीका लिहिली. साहेबाने आपला इतिहास लिहिला म्हणून तो प्रमाण मानावा काय, त्याने साधने कशी वापरली, हे त्या विशीतल्या विद्यार्थ्याने विचारले. सईद यांच्या ग्रंथाला तेव्हा एका शतकाहून अधिक अवकाश होता.

आम्ही हे अभिमान मिरविण्यासाठी सांगत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. कीर्तन्यांनी मराठीत लिहिले, १८७४ ला 'निबंधमाला' सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्र्यांनी मराठीत लिहिले, राजवाड्यांनी हट्टाने मराठीत लिहिले. त्यांचा वाचक पुण्यात, नागपुरात, इंदुरात, बडोद्यात बसलेला होता. आजचे वसाहतोत्तर लेखन वसाहतीच्या भाषेत, बव्हंशी तिच्याच विद्यापीठांसाठी लिहिले जाते. मोल्सवर्थचा कोश आज संगणकावर पाहावयाचा तर तो शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथभांडारात उघडता येतो; आणि असे कोश हे सत्तेचे हत्यार होते हे समजावून सांगणारे कोनही त्याच विद्यापीठातले. रोग आणि निदान यांचे हे एकाच पत्त्यावर नांदणे गमतीचे आहे, तितकेच विचार करावयास लावणारे आहे.

याहून कठीण प्रश्न जोतीराव फुले उभा करतात. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी आर्यांच्या आक्रमणाची कल्पना उचलली, म्हणजे युरोपीय पंडितांनी प्रतिष्ठा दिलेलेच ज्ञान हाती घेतले, आणि ते ब्राह्मणी वर्चस्वावर उलटविले. वसाहतीच्या ज्ञानाने माणूस बांधला जातो, हे सूत्र येथे अडखळते. कारण त्याच ज्ञानाच्या काठीने एक बांधलेला समाज आपली जुनी दोरी तोडू पाहत होता. फुले इंग्रजांचे भाट मात्र नव्हते. १८८२ ला हंटर आयोगापुढे त्यांनी स्पष्ट सांगितले की शेतकऱ्याच्या करातून उच्चवर्णीयांचे उच्च शिक्षण चालते आणि शेतकऱ्याची मुले प्राथमिक शाळेविना राहतात. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गोरा अंमलदार आणि त्याच्या कानाशी लागलेला भट-कामगार या दोघांनाही त्यांनी एकाच फटक्यात घेतले. पुढे १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी शूद्रांविषयीच्या आपल्या ग्रंथात ती आर्यवंशाची उपपत्ती मुळातच फेटाळली. एकाने उपपत्ती वापरली, दुसऱ्याने टाकली. दोघांचे ध्येय एकच. ज्ञान कोणाच्या घरी जन्मले यापेक्षा ते कोणाच्या हाती कशासाठी आहे हे पाहावे लागते, हा धडा आम्हांस या दोन महापुरुषांकडून मिळतो. कोन यांच्या ग्रंथात तो नाही. रोझलिंड ओ'हॅनलन यांनी १९८५ सालीच फुल्यांवरील आपल्या अभ्यासात ही गुंतागुंत दाखविली होती.

सिद्धान्त जेथे पुरा पडतो ती जागाही दाखविली पाहिजे. १८७१ च्या कायद्याने काही जमातींच्या कपाळी जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला; पण पोलीस ठाण्याची नजर कायद्याबरोबर रद्द होत नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे १९८७ चे 'उचल्या' हे आत्मकथन वाचताना, एका रकान्यात लिहिलेला शब्द पुढच्या पिढ्यांच्या पाठीवर कसा उमटतो, हे कळते. वर्गवारी ही सत्ता असते, हे कोन यांचे वाक्य वाचून बुद्धीला पटते. गायकवाडांचे पुस्तक वाचून ते अंगावर येते. मराठीतले उत्कृष्ट वसाहतोत्तर लेखन कोठे आहे असे कोणी विचारले, तर आम्ही प्रथम या पुस्तकाकडे बोट दाखवू, आणि मग समीक्षाग्रंथांकडे.

दुसरे उदाहरण आपल्याला टोचणारे आहे. ग्रीअर्सनच्या भाषिक पाहणीच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात कोकणी ही मराठीची बोली म्हणून नोंदली आहे. एरवी साहेबाच्या ज्ञानाकडे संशयाने पाहणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांनी ती नोंद वेदवाक्यासारखी उचलून धरली. १९७५ साली साहित्य अकादमीने आणि १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीने कोकणीला स्वतंत्र स्थान दिले. भाषाशास्त्रीय वाद आम्ही येथे उकरत नाही. म्हणावयाचे एवढेच की, वर्गवारी सोयीची असली की ती कोणी केली हे आपण विचारीत नाही.

आता कचेरीच्या भाषेकडे येऊ. राज्यकर्त्याची भाषा दप्तरातून काढून टाकण्याचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेला 'राज्यव्यवहारकोश' फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीच होता. त्यातले काही शब्द तगले, पुष्कळ पोथीतच राहिले. वसूल, दप्तर, हुकूम, जमा हे मात्र मराठीच होऊन बसले. १९६२ साली महाराष्ट्र शासनाचा 'पदनाम कोश' निघाला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले, ते यामुळेच. शब्द संस्कृत झाला म्हणून विचार स्वकीय होत नाही. 'उपरोक्त विषयास अनुलक्षून आपणांस कळविण्यात येते की' या वाक्यात एकही इंग्रजी शब्द नाही. परंतु त्याचा सांगाडा, त्यातला निनावी कर्ता, त्यामागची जबाबदारी न घेण्याची कला हे सारे साहेबाच्या मसुद्यातून आले आहे. याउलट मोडी कागदात 'लिहिणे केले ऐसीजे' म्हणून जो बोलतो, तो कोण आणि कोणाशी बोलतो हे पहिल्या ओळीतच कळते. प्राची देशपांडे यांच्या मोडी आणि लेखनव्यवहाराविषयीच्या २०२३ सालच्या 'स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर' या ग्रंथाने या लेखनाच्या जगाकडे पुन्हा लक्ष वेधले आहे. तो मराठीत येणे अगत्याचे आहे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण परमुलुखात अधिकारावर आहेत. कोणी बस्तरच्या रानात असेल, कोणी आसामात, कोणी ओरिसाच्या डोंगराळ तालुक्यात. तेथली भाषा त्याला परकी, तेथली माणसे त्याला दुभाष्यातून भेटतात, आणि त्यांच्याविषयी त्याने लिहिलेला अहवाल त्या माणसांना वाचता येत नाही. या प्रसंगात मोल्सवर्थच्या जागी कोण बसला आहे आणि शास्त्र्यांच्या जागी कोण, हे ज्याचे त्याने ताडावे. वसाहतीचा वारसा हा आपल्यावर झालेला अन्याय एवढाच असता तर त्याची तक्रार करून भागले असते. तो आपल्या हातातही आहे. ज्याने आपल्याला माहिती दिली त्याचे नाव अहवालावर येते का, आपण भरलेला रकाना ज्याच्याविषयी आहे त्याला तो वाचून दाखविला जातो का, असे साधे प्रश्न कोन यांचा ग्रंथ वाचून मनात उभे राहतात. ग्रंथकाराने ते विचारले नसले तरी त्याच्या विवेचनातून ते निघतात, आणि आमच्या मते या ग्रंथाचे खरे मोल तेथे आहे.

तेव्हा आमचा निर्णय असा: कोन यांनी दप्तराच्या भिंती पारदर्शक केल्या, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्या भिंतींआड बसून लिहिणारा काळा हात त्यांनी पुरता पाहिला नाही, त्या हाताने कधी साहेबाला फसविले, कधी आपल्याच दुबळ्या बांधवाला दडपले, आणि कधी साहेबाचीच लेखणी हिसकावून स्वातंत्र्याची मागणी लिहिली, ही कथा अजून पुरती सांगितली गेलेली नाही. तिची साधने मोडीत आणि मराठीत आहेत. ती वाचू शकणारे लोक अजून आहेत. त्यांनी ती मराठीत लिहावी. तसे झाले नाही, तर ग्रँट डफच्या जागी आणखी कोणाचा तरी प्रमाणग्रंथ येईल, तो कदाचित आपल्या बाजूने बोलेलही. पण आपल्याविषयीचे ज्ञान आपल्याला पुन्हा एकदा दुसऱ्याच्या कपाटातून मागून आणावे लागेल.